प्रायमरीत मत कुणाला: पटणाऱ्या उमेदवाराला की 'निवडून येणाऱ्या' उमेदवाराला?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. फिलाडेल्फियाच्या उपनगरात बरीच वर्षं राहून तुम्ही अलीकडे नागरिक झालात, डेमोक्रॅटिक पक्षात नोंदणी केलीत आणि आता तुमची पहिलीच प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, आहे. अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाच्या जागेसाठी दोन प्रमुख उमेदवार आहेत. एक भारतीय वंशाच्या बाई आहेत. आरोग्यविमा आणि शाळांचा पैसा याबद्दल त्या जे बोलतात ते तुम्हाला जवळजवळ पूर्ण पटतं. दुसरे माजी सैनिक, मवाळ, कुणालाही चालतील असे. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बहुतेकांचं मत असं की बाई चांगल्या आहेत, पण नोव्हेंबरमध्ये, मुख्य निवडणुकीत, इथले गोरे मतदार त्यांना मत देणार नाहीत, तेव्हा भावनेच्या भरात मत वाया घालवू नका. घरात मुलगी म्हणते, असा विचार करणाऱ्यांमुळेच अशा बाई पडतात. शिवाय तुमच्या पत्नी कुठल्याच पक्षात नोंदलेल्या नाहीत, त्यांना मत देता येईल का, हेही तुम्ही विचारलं आहे. त्याचं उत्तर शेवटी देतो.

मी पेनसिल्व्हेनियात डेमोक्रॅटिक पक्षासाठी बरीच वर्षं प्रचाराचं काम करतो. दारोदार फिरणं, मतदारयाद्या चाळणं, फोन लावणं, आणि प्रायमरी संपली की हरलेल्या बाजूच्या कार्यकर्त्यांची समजूत काढून त्यांना पुन्हा कामाला लावणं. त्यामुळे माझा कल उघड आहे. पण खाली सांगतो ते रिपब्लिकन प्रायमरीलाही तितकंच लागू पडतं आणि उदाहरणं मी दोन्हीकडची घेतली आहेत.

वरवर पाहता तुम्ही विचारताय की दोघांपैकी नोव्हेंबरमध्ये कोण जिंकेल. याचं खात्रीचं उत्तर कुणाकडे नसतं, लठ्ठ फी घेणाऱ्या सल्लागारांकडेही नसतं. तुमचा खरा प्रश्न मला वेगळा वाटतो. ज्यांना मी ओळखत नाही अशा लाखो लोकांच्या मनात काय आहे याच्या अंदाजावरून मी माझं मत बदलावं का, आणि तो अंदाज किती पक्का असेल तर बदलावं? महाराष्ट्रात सामान्य मतदाराला हा पेच पडत नाही. विधानसभेची तिकिटं ठरायला लागली की 'इलेक्टिव्ह मेरिट' (निवडून येण्याची क्षमता) रोज पेपरात दिसतं, पण तो निकष लावतं पक्षाचं नेतृत्व. सर्व्हे त्यांचे, बैठका त्यांच्या, आणि बंडखोरी झाली तर निस्तरायचीही त्यांनीच. इथे ते काम मतदारांवर सोपवलं आहे. तुम्ही मत देणारेही आहात आणि तिकीट देणारेही. या दोन भूमिका एकमेकींच्या आड येतात, म्हणून घरात वाद झाला तर त्यात नवल नाही.

उमेदवारांकडे बघण्याआधी जागेकडे बघा. ग्रुपवरच्या चर्चेत ही पायरी जवळजवळ नेहमीच गळते. तुमच्या मतदारसंघात मागच्या तीन-चार निवडणुकांत अध्यक्ष, सिनेटर आणि गव्हर्नर या पदांसाठी कुठल्या पक्षाला किती टक्के मतं पडली ते शोधा. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर हे आकडे मतदान केंद्रांनुसार मिळतात. 2022 च्या निवडणुकीपासून मतदारसंघांच्या सीमा बदललेल्या आहेत, तेवढं ध्यानात ठेवा. तुमचा पक्ष दरवेळी पंधरा-वीस टक्क्यांनी पुढे असेल तर 'कोण निवडून येईल' हा विषय सोडून द्या आणि मनाला पटेल त्याला मत द्या. अशा जागेवर प्रायमरी हीच निवडणूक असते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांचंच बघा. 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत ते तिसरे आले. 2022 मध्ये डेट्रॉइटच्या 13 व्या मतदारसंघात प्रायमरीला नऊ जण उभे होते, तिथे साधारण 28 टक्के मतांवर ते पुढे आले आणि नोव्हेंबरची लढत त्यांनी सहज जिंकली. त्या जागेवर डेमोक्रॅटिक उमेदवार कोणीही असता तरी जिंकला असता. तिथे प्रश्न होता तो फक्त आपल्याला कोण हवं याचा.

उलट बाजूही तशीच. जागा जर समोरच्या पक्षाची असेल, तीही पंचवीस टक्क्यांनी, तर मवाळ उमेदवार देऊन फार तर हरण्याचं अंतर कमी होतं. सगळा कस लागतो तो मधल्या जागांवर. आपलं राज्य एकूण तसंच आहे. साठ-सत्तर लाख मतांच्या अध्यक्षीय निवडणुकीत 2016 मध्ये ट्रम्प यांनी पेनसिल्व्हेनिया सुमारे 44 हजार मतांनी घेतलं, 2020 मध्ये बायडन यांनी सुमारे 80 हजारांनी, आणि 2024 मध्ये पुन्हा ट्रम्प यांनी सुमारे 1 लाख 20 हजारांनी. तुमचा मतदारसंघ या जातीचा असेल तरच पुढचं वाचण्याला अर्थ आहे.

आता, उमेदवार बदलल्याने खरंच फरक पडतो का? पडतो. लोक समजतात तितका नाही, पण अटीतटीच्या जागेवर पुरेसा. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये एकाच मतपत्रिकेवर गव्हर्नरपदासाठी जॉश शपिरो आणि सिनेटसाठी जॉन फेटरमन हे डेमोक्रॅट होते. शपिरो जवळजवळ पंधरा टक्क्यांनी जिंकले, फेटरमन साधारण पाच टक्क्यांनी. शपिरोंना फेटरमनपेक्षा अडीच लाखांहून जास्त मतं पडली. म्हणजे बहुसंख्य मतदार पक्ष बघूनच मत देतात, पण न बघणारेही काही लाख आहेत. त्यात समोरचा उमेदवार कोण यालाही वजन होतं. शपिरोंपुढे डग मॅस्ट्रियानो होते. 2020 चा निकाल उलटवण्याच्या खटपटीत ते पुढे होते आणि गर्भपाताबद्दल त्यांची भूमिका अतिशय कडक होती. त्यांना रिपब्लिकन प्रायमरीत 44 टक्के मतं पडली होती. पक्षातल्या जाणत्यांनी तेव्हाच बजावलं होतं की हा माणूस नोव्हेंबरमध्ये बुडवेल, आणि तसंच झालं.

अशी उदाहरणं आणखीही आहेत. 2010 मध्ये डेलावेअरच्या रिपब्लिकन मतदारांनी माइक कॅसल यांना डावललं. हा माणूस राज्याचा गव्हर्नर होऊन गेलेला, अनेक वर्षं काँग्रेसमध्ये निवडून आलेला. त्यांच्याऐवजी तिकीट मिळालं क्रिस्टिन ओडोनेल यांना, आणि हाताशी आलेली सिनेटची जागा डेमोक्रॅट ख्रिस कून्स यांनी मोठ्या फरकाने नेली. 2012 मध्ये मिसूरीत डेमोक्रॅट सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांनी तर रिपब्लिकन प्रायमरीत टॉड एकिन पुढे यावेत म्हणून स्वतःच्या प्रचारातले लाखो डॉलर जाहिरातींवर घातले. 'हे फारच कट्टर आहेत' असं त्या जाहिराती सांगत होत्या, आणि कट्टर उमेदवार हवा असणाऱ्यांना तेच ऐकायचं होतं. एकिन जिंकले, पुढे बलात्काराबद्दल भयंकर बोलले आणि नोव्हेंबरमध्ये पंधरा टक्क्यांहून जास्त फरकाने हरले. राज्यशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉल यांनी 1980 ते 2010 मधल्या प्रतिनिधिगृहाच्या प्रायमऱ्या तपासल्या. मवाळ आणि टोकाचा असे दोन उमेदवार जिथे अगदी थोडक्या मतांनी पुढेमागे झाले, तिथे टोकाचा उमेदवार निवडल्याची किंमत पक्षाला नोव्हेंबरमध्ये सरासरी 9 ते 13 टक्के मतांनी मोजावी लागली, असं त्यांना आढळलं. तेव्हापासून लोकांची पक्षनिष्ठा फार घट्ट झाली आहे, त्यामुळे ही किंमत आज कमी असावी असं मला वाटतं. पण ती शून्य झालेली नाही, हे 2022 ने दाखवलं.

म्हणून तुमच्या मुलीला माझं पहिलं सांगणं: ग्रुपवरचे काका-काकू मांडतात तो मुद्दा पोकळ नाही. निवडून येण्याची क्षमता ही खरी गोष्ट आहे. पण ती कुणाकडे आहे हे ओळखायला लोक जी खूण वापरतात, ती बहुतेक वेळा चुकीची असते.

लोक चेहरामोहरा बघतात. जिंकणारा माणूस कसा दिसतो याचं एक चित्र डोक्यात असतं आणि त्याच्याशी जुळणारा उमेदवार सुरक्षित वाटतो. 2004 ची डेमोक्रॅटिक प्रायमरी याच एका मुद्द्यावर फिरली. 2003 च्या अखेरीस हॉवर्ड डीन पुढे होते, इराक युद्धाला उघड विरोध करत होते आणि कार्यकर्त्यांचं त्यांच्यावर प्रेम होतं. पण जानेवारीत, सर्वात आधी मत देणाऱ्या आयोवा राज्यात, मतदारांनी जॉन केरींना 38 टक्के दिले आणि डीन 18 वर थांबले. केरींना व्हिएतनाम युद्धात पदकं मिळालेली होती. युद्धकाळात अध्यक्ष जॉर्ज बुश यांना हरवायचं तर सैनिकच हवा, असं गणित होतं. मग त्याच उन्हाळ्यात 'स्विफ्ट बोट' (व्हिएतनाममध्ये केरी ज्यांवर होते त्या गस्ती नौका) जाहिरातींनी नेमक्या त्या सैनिकी कारकिर्दीवरच चिखलफेक केली. जी जमेची बाजू धरली होती तीच वादात सापडली आणि केरी हरले. डीन जिंकले असते असं मी म्हणत नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण 'माजी सैनिक आहे म्हणजे हल्ला होणार नाही' हे गृहीतक तेव्हाच मोडलं होतं. तुमच्या दुसऱ्या उमेदवारालाही हे लागू आहे.

2016 मध्ये रिपब्लिकन पक्षातले बहुतेक जाणकार सांगत होते की ट्रम्प सर्वात कमकुवत ठरतील आणि मार्को रुबियो किंवा जॉन केसिक सर्वात बळकट. डेमोक्रॅट हिलरी क्लिंटन यांच्याविरुद्धच्या जनमत चाचण्यांत केसिक चांगले पुढे दिसायचे. स्वतःच्या पक्षात मात्र त्यांना ओहायोखेरीज एकही राज्य जिंकता आलं नाही. अशा चाचण्यांबद्दल मी नेहमी एक गोष्ट सांगतो. प्रायमरीच्या वेळी आमनेसामनेच्या चाचणीत जो चमकतो, त्याच्यावर बहुतेकदा अजून कुणी एक डॉलरही खर्च करून हल्ला केलेला नसतो. तो लोकांना नीट माहीतच नसतो, आणि अनोळखी माणसात प्रत्येकाला आपल्याला हवं ते दिसतं. उमेदवारी निश्चित झाल्यावरच्या चाचण्याही फसतात. 1988 च्या जुलैमध्ये, पक्षाच्या अधिवेशनानंतर, डेमोक्रॅट मायकल डुकाकिस थोरल्या बुश यांच्या सतरा टक्के पुढे होते आणि नोव्हेंबरमध्ये जवळजवळ आठ टक्क्यांनी हरले. तेव्हा प्रायमरीच्या तोंडावर कुणी चाचणी पुढे केली तर नम्रपणे वाचा आणि बाजूला ठेवा.

मग बघायचं काय? मी सर्वात जास्त वजन देतो ते उमेदवाराच्या आधीच्या निकालांना, आणि तेही त्याच जागेवर त्याच्या पक्षाला एरवी किती मतं पडतात याच्याशी ताडून. नुसतं 'तीनदा निवडून आले' याला किंमत नाही. सुरक्षित जागेवर कुणीही तीनदा येतं. एमी क्लोबुचर 2018 मध्ये मिनेसोटातून साधारण 24 टक्क्यांनी सिनेटवर गेल्या. त्याच राज्यात दोनच वर्षांपूर्वी हिलरी क्लिंटन जेमतेम दीड टक्क्याने पुढे होत्या. हा पुरावा आहे. समोरचा उमेदवार कमकुवत होता हे वजा केलं तरी बरंच उरतं. आणि तरीही 2020 च्या प्रायमरीत 'निवडून येणारा उमेदवार' म्हटलं की लोकांच्या तोंडी क्लोबुचर यांचं नाव फारसं येत नव्हतं. पुरावा एकीकडे आणि लेबल दुसरीकडे, असं सर्रास होतं.

तुमच्या दोन उमेदवारांसाठी हे करून बघा. बाई आधी राज्य विधिमंडळावर, शाळा मंडळावर किंवा टाउनशिपच्या मंडळावर निवडून आल्या आहेत का? त्या वर्षी त्याच मतदान केंद्रांवर त्यांच्या पक्षाच्या इतर उमेदवारांना किती मतं होती आणि त्यांना किती? चार टक्के जास्त असतील तर ती फार मोठी गोष्ट आहे. कमी असतील तर का, ते शोधा. माजी सैनिक गृहस्थ पहिल्यांदाच उभे असतील तर त्यांच्याबद्दल पुरावा काहीच नाही, फक्त एक प्रतिमा आहे. आणि प्रतिमेला पुरावा समजणं हीच या सगळ्या वादातली मूळ गल्लत आहे.

दुसरी गोष्ट, हल्ला झाल्यावर माणूस कसा वागतो. हे तुम्हाला स्वतः बघता येतं. प्रायमरीत लोकांसमोरच्या बैठका होतात, लायब्ररीत, चर्चच्या हॉलमध्ये, कुणाच्या तरी घरी. तिथे जा आणि उमेदवाराला त्याच्याबद्दलचा सर्वात अवघड प्रश्न विचारा, जो समोरचा पक्ष ऑक्टोबरमध्ये टीव्हीवर तीस सेकंदांत विचारणार आहे. उत्तर थोडक्यात, न चिडता, आपली भूमिका न सोडता देता आलं का ते बघा. मी कित्येक उमेदवार जवळून पाहिले आहेत, आणि या एका गोष्टीवरून नोव्हेंबरचा जितका अंदाज येतो तितका त्यांच्या जाहीरनाम्यावरून येत नाही. पैसा उभा करण्याची ताकद आणि स्वयंसेवकांची फळी यांचाही विचार करा, पण त्यावर फार वेळ घालवू नका. उमेदवारी मिळाली की अटीतटीच्या जागेवर पैसा येतो.

आता तुमच्या ग्रुपवरचा मूळ मुद्दा: 'गोरे लोक मत देणार नाहीत.' हे वाक्य मी दारात उभा राहून अनेक रूपांत ऐकलं आहे, आणि ते बोलणारा जवळजवळ कधीच 'मी देणार नाही' असं म्हणत नाही. 'माझी काही हरकत नाही हो, पण बाकीचे...' असंच त्याचं रूप असतं. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या पूर्वग्रहाचा अंदाज बांधतो, त्यासाठी आपलं मत बदलतो, आणि अशा बदललेल्या मतांची बेरीज म्हणजेच प्रायमरीचा निकाल होतो. तुमच्या मुलीचं म्हणणं इथे बरोबर आहे.

पूर्वग्रह नसतो असं मात्र मी म्हणणार नाही. भारतीय वंशाचे रिपब्लिकन बॉबी जिंदल 2003 मध्ये लुइझियानाच्या गव्हर्नरपदासाठी थोडक्यात हरले, तेव्हा त्यांचा वर्ण हे एक कारण होतं असं पुष्कळांचं मत पडलं. पण तेच जिंदल 2007 मध्ये पहिल्याच फेरीत निम्म्याहून जास्त मतं घेऊन निवडून आले. राज्य तेच, मतदार बहुतांशी तेच, उमेदवारही तोच. 2010 मध्ये साउथ कॅरोलायनात भारतीय वंशाच्याच निक्की हेली गव्हर्नर झाल्या, आणि तिथला रिपब्लिकन मतदार बहुतांशी गोरा आणि परंपरावादी आहे. डेमोक्रॅटांकडे भारतीय वंशाचे अमी बेरा 2010 मध्ये सॅक्रामेंटोच्या उपनगरातल्या जागेवर हरले, 2012 मध्ये पुन्हा उभे राहून जिंकले, आणि ती जागा तेव्हा खरोखर अटीतटीची होती. बायकांबद्दल अमेरिकन अभ्यासकांचं निरीक्षण वर्षानुवर्षं तेच आहे: सर्वसाधारण निवडणुकीत उभ्या राहिलेल्या बायका तशाच जागांवरच्या पुरुषांइतक्याच प्रमाणात निवडून येतात. त्यात एक मेख आहे. तिथवर पोचायला त्यांना बहुधा जास्त तयारी करावी लागलेली असते, म्हणजे आलेली बाई सरासरीपेक्षा सरस असते. पण तुम्हाला तर त्या तिथवर आलेल्या बाईंबद्दलच ठरवायचं आहे!

आपल्या राज्याचं उदाहरण तर अगदी ताजं म्हणावं असं आहे. 2018 पर्यंत प्रतिनिधिगृहात पेनसिल्व्हेनियाचे 18 प्रतिनिधी होते आणि त्यांत एकही बाई नव्हती. त्या नोव्हेंबरमध्ये एकदम चार जणी निवडून आल्या, क्रिसी हूलाहन, मॅडेलिन डीन, मेरी गे स्कॅनलन आणि सुझन वाइल्ड. त्यातल्या पहिल्या तिघी फिलाडेल्फियाच्या उपनगरांतून आल्या, म्हणजे 'इथले लोक बाईला मत देणार नाहीत' असं जिथे म्हटलं जातं तिथूनच. हूलाहन तर स्वतः हवाई दलात होत्या. 'बाई की माजी सैनिक' अशी वाटणी मतदारांनी तेव्हाच निकालात काढली.

लोकांचा अंदाज किती झटक्यात बदलतो हे 2008 ने दाखवलं. साउथ कॅरोलायनातल्या पुष्कळ कृष्णवर्णीय मतदारांना ओबामा आवडत होते, पण गोरे लोक त्यांना निवडून देतील यावर विश्वास नव्हता, आणि 2007 मध्ये त्यांच्यातला मोठा वर्ग क्लिंटन यांच्या बाजूला होता. मग 3 जानेवारी 2008 ला, जवळजवळ सगळं राज्य गोरं असलेल्या आयोवात, ओबामा जिंकले. तीन आठवड्यांनी साउथ कॅरोलायनात त्यांना 55 टक्के मतं पडली आणि कृष्णवर्णीय मतदारांपैकी दहातल्या जवळजवळ आठ जणांची साथ मिळाली. ओबामा या तीन आठवड्यांत बदललेले नव्हते, पुरावा आला होता. नोव्हेंबरमध्ये त्यांनी इंडियानासुद्धा जिंकलं, 1964 नंतर तिथे जिंकणारे ते पहिले डेमोक्रॅट.

याच साउथ कॅरोलायनाची दुसरी बाजूही मला तितक्याच आदराने सांगायची आहे, कारण तरुण कार्यकर्ते तिची हेटाळणी करतात आणि मला ते खटकतं. 2020 मध्ये बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे आले होते. 29 फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाने, त्यातही वयस्क कृष्णवर्णीय मतदारांनी, त्यांना जवळजवळ 49 टक्के दिले. तीन दिवसांनी 'सुपर ट्यूसडे'ला, एकाच दिवशी प्रायमरी झालेल्या 14 राज्यांपैकी 10 त्यांनी जिंकली. त्या मतदारांना बायडन यांची अनेक वर्षांची ओळख होती, त्यांच्या उणिवा ठाऊक होत्या, आणि नोव्हेंबरमध्ये हरलो तर सर्वात आधी झळ आपल्याला बसेल हेही ठाऊक होतं. जिंकणं हेच ज्याच्यासाठी सर्वात मोठं धोरण असतं, त्याने तसा विचार करणं यात भ्याडपणा नाही. तुमच्या ग्रुपमध्ये कुणाचा व्हिसा, कुणाचा विमा, कुणाची नोकरी त्या निकालावर अवलंबून असेल, तर त्यांचं सावध असणं मला समजतं. मी त्यांच्याकडे मागतो तो फक्त पुरावा.

तुमच्या मुलीच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद येतो: ठाम उमेदवार दिला की जे कधी मत देत नाहीत ते बाहेर पडतात. याबाबतीत मी सावध आहे. मतदारयाद्या घेऊन फिरताना दिसतं की अधूनमधून मत देणारे लोक काही ठामपणाची वाट बघत बसलेले नसतात. त्यांना शिफ्ट असते, लहान मुलं असतात, राजकारणाचा कंटाळा असतो, आणि त्यांची मतं बरीच सरमिसळ असतात. अँड्र्यू हॉल आणि डॅनियल थॉम्पसन यांच्या अभ्यासात तर टोकाचा उमेदवार आला की समोरच्या पक्षाचेच लोक जास्त बाहेर पडतात असं दिसलं. शिवाय साधं गणित आहे. नवा मतदार आणला तर अंतर एका मताने कमी होतं. समोरचा मतदार वळवला तर दोनने कमी होतं. दोन्ही कामं करावीच लागतात, पण पहिल्याच्या भरवशावर दुसरं सोडणाऱ्या उमेदवाराबद्दल मला काळजी वाटते. प्रायमरीतली गर्दी बघून फसू नका. 2022 मध्ये आपल्याकडे सिनेटच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत साधारण 13 लाख मतं पडली, नोव्हेंबरमध्ये दोन्ही पक्ष मिळून सुमारे 53 लाख.

इथवरचा सार असा: जागा अटीतटीची आहे का ते बघा. असेल तर उमेदवाराचे निकाल आणि त्याचं अवघड प्रश्नांना तोंड देणं बघा. प्रतिमा, चाचण्या आणि 'बाकीचे लोक काय म्हणतील' यांना जवळजवळ शून्य वजन द्या.

आणि पुरावा दोन्हीकडे सारखा निघाला तर? असं फार वेळा होतं. 2022 च्या सिनेट प्रायमरीत फेटरमन यांच्याविरुद्ध कॉनर लॅम होते. त्यांचा संपूर्ण प्रचार 'मी निवडून येऊ शकतो' यावर होता, आणि त्याला आधारही होता. 2018 च्या पोटनिवडणुकीत, जिथे ट्रम्प जवळजवळ वीस टक्क्यांनी जिंकले होते अशी पश्चिम पेनसिल्व्हेनियातली जागा त्यांनी काढली होती, हजाराहून कमी मतांनी का होईना. फेटरमन राज्यभरात उपगव्हर्नर म्हणून निवडून आलेले होते, पण ते गव्हर्नर वुल्फ यांच्या जोडीने, त्यामुळे ती मतं नेमकी कुणाची हे सांगणं कठीण. म्हणजे कागदावर लॅम यांचा दावा थोडा जास्तच बळकट होता. मतदारांनी फेटरमन यांना सर्व 67 काउंट्यांत पुढे ठेवलं. प्रायमरीच्या चार दिवस आधी त्यांना पक्षाघाताचा झटका आला, तो कुणाच्या कुठल्याच हिशोबात नव्हता, आणि तरी ते जिंकले. लॅम जिंकले असते का, किती मतांनी, हे कधीच कळणार नाही. त्याच दिवशी रिपब्लिकन प्रायमरीत डेव्हिड मॅकॉर्मिक हजारापेक्षा कमी मतांनी मेहमेत ओझ यांच्याकडून हरले. 2024 मध्ये तेच मॅकॉर्मिक डेमोक्रॅट सिनेटर बॉब केसी यांना सुमारे 15 हजार मतांनी हरवून सिनेटर झाले. ते 2022 मध्येच जिंकले असते का? वारं वेगळं होतं, समोरचा उमेदवार वेगळा होता. इतक्या बारीक फरकाचा अंदाज माझ्यासारख्यालाही बांधता येत नाही, आणि तो बांधता येत नसेल तर त्याच्यासाठी आपलं मत गहाण टाकण्यात अर्थ नाही.

फेटरमन यांच्या गोष्टीत तुमच्यासाठी आणखी एक धडा आहे. 2022 मध्ये ज्यांनी त्यांना 'आपला पुरोगामी माणूस' म्हणून मत दिलं, त्यांतले बरेच जण आज नाराज आहेत. 2023 मध्ये त्यांनी स्वतःच आपण पुरोगामी नसल्याचं सांगितलं, आणि इस्रायल, स्थलांतर अशा विषयांवर ते त्या मतदारांपासून दूर गेले. तेव्हा 'मला पटणारा उमेदवार' हाही शेवटी एक अंदाजच असतो. तुमच्या बाईंची भाषणं ऐकलीत तशीच त्यांची आधीची मतदानं आणि त्यांना पैसा कुठून येतो तेही बघा. फेडरल इलेक्शन कमिशनच्या संकेतस्थळावर देणगीदारांची यादी खुली आहे.

माझं उत्तर हवं असेल तर ते असं. तुम्ही सांगितलेल्या माहितीत बाई निवडून येणार नाहीत असं दाखवणारं काहीच नाही, फक्त त्या कोण आहेत एवढंच आहे. एवढ्यावर मी माझं मत बदलणार नाही. आकडे काढल्यावर जागा अटीतटीची निघाली, त्या माजी सैनिकांनी आधी कुठेतरी पक्षाच्या सरासरीहून चांगली मतं घेतलेली निघाली आणि बाईंनी घेतलेली नसली, तर मी पुन्हा विचार करेन आणि बहुधा त्यांच्याकडे वळेन. दोन्हीकडे काहीच सिद्ध झालेलं नसेल तर बाईंना मत देईन आणि पुढचे सहा महिने त्यांच्यासाठी दारं ठोठावेन. त्या हरल्या तर दुसऱ्याच दिवशी माजी सैनिकांच्या ऑफिसात जाईन. नोव्हेंबरचा निकाल प्रायमरीतल्या निवडीइतकाच हरलेल्या गटाच्या वागण्यावरही ठरतो, आणि तो भाग पूर्णपणे तुमच्या हातात असतो.

तुमच्या पत्नीबद्दल. पेनसिल्व्हेनियात प्रायमरी बंद पद्धतीची असते, म्हणजे पक्षांचे उमेदवार निवडायचे तर त्या पक्षात नोंदणी हवी. त्या सध्या कुठल्याच पक्षात नसतील तर मतदानाच्या किमान 15 दिवस आधी नोंदणी बदलावी लागेल. ते ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे आणि प्रायमरीनंतर पुन्हा बदलता येतं. पोस्टाने मत द्यायचं असेल तर अर्ज मतदानाच्या आठवडाभर आधीपर्यंत काउंटीकडे पोचला पाहिजे, आणि भरलेली मतपत्रिका मतदानाच्या दिवशी रात्री 8 च्या आत. पोस्टाचा शिक्का त्या दिवसाचा असून चालत नाही, कागद हातात पडावा लागतो. आतल्या गुप्ततेच्या लिफाफ्यात मतपत्रिका घालायला आणि बाहेरच्या लिफाफ्यावर सही-तारीख करायला विसरू नका म्हणावं. अशा चुकांमुळे आपल्या काउंटीत मतं बाद झालेली आहेत.